जोडलेले रेझोनेटर की सुटे?

सूक्ष्म यांत्रिक संवेदकाची संवेदनशीलता वाढवताना निर्वात आवरण आणि चांगला क्यू (कंपनात ऊर्जा किती कमी वाया जाते याचे माप) हाती आला, की प्रश्न उरतो तो वाचन कशाचे घ्यायचे हा. दोन सुटे रेझोनेटर, म्हणजे आपल्या ठरावीक वारंवारतेने कंपणाऱ्या बारीक तुळया, घेऊन त्यांच्या वारंवारतांमधला फरक मोजता येतो, किंवा दोघांना अगदी दुर्बळ स्प्रिंगने जोडून त्यांच्या आयामांचे (कंपनाच्या उंचीचे) गुणोत्तर वाचता येते. मी दोन्ही रचना वापरल्या आहेत, आणि सुरुवात दुसरीच्या मोहात पडून केली.

तो मोह समजण्यासारखा आहे. रेझोनेटरची ताठरता एक पीपीएमने (दहा लाखांत एक भाग) बदलली तर वारंवारता अर्ध्या पीपीएमनेच सरकते, म्हणजे १०० किलोहर्ट्झच्या रेझोनेटरमध्ये ०.०५ हर्ट्झ. जोडणीची ताठरता मूळ ताठरतेच्या हजाराव्या हिश्श्याइतकी असेल, तर जोडीतल्या एकाच रेझोनेटरला झालेला तोच बदल संतुलनाजवळ, म्हणजे दोघांची ताठरता जवळजवळ सारखी असताना, गुणोत्तराला ५०० पीपीएमने हलवतो. सिलिकॉनच्या रेझोनेटरची वारंवारता तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ३० पीपीएमने घसरते. ही घसरण दोघांना सारखीच लागू असल्याने गुणोत्तरात ती फारशी दिसत नाही. सुट्या जोडीत मात्र दोघे जितके सारखे, तितकीच ती वजा होते. येथे जोडलेली जोडी सरस आहे, हे मान्य करायला हवे.

जोडणी हवी तितकी दुर्बळ करता येत नाही, कारण जोडलेली जोडी दोन वारंवारतांवर जोरात कंपते आणि वरच्या उदाहरणात त्या दोन शिखरांमधले अंतर १०० हर्ट्झच असते आणि क्यू १००० असेल तर प्रत्येक शिखराची रुंदीही तेवढीच होऊन दोन्ही एकमेकांत मिसळतात. चांगल्या निर्वातात ही अडचण सुटते.

मला जी सुटली नाही ती संतुलनाची. तुळईची ताठरता तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ४ मायक्रॉन रुंद तुळयांमध्ये ४ नॅनोमीटरचा फरक पडला तरी ताठरता ०.३ टक्क्यांनी वेगळी होते. ही तफावत जोडणीच्या ताठरतेच्या तिप्पट आहे. म्हणजे चिप संतुलित येतच नाही आणि एका बाजूला विद्युतदाब देऊन तिथली ताठरता जुळवावी लागते. हा दाब २० व्होल्टचा धरला, तर त्यातला ३ मिलिव्होल्टचा चढउतार जवळजवळ एक पीपीएमचा खोटा संकेत देतो, आणि ज्या गुणाने खरा संकेत मोठा होतो त्याच गुणाने हाही मोठा होतो. पडद्यावरची दोन शिखरे सकाळी समान उंचीची करून ठेवावीत, आणि अर्ध्या तासाने पाहावे तर डावे खाली बसलेले असावे, असे माझ्याकडे इतक्या वेळा झाले की मी मोजमाप कमी आणि जुळवाजुळव जास्त करत होतो. माझा दाबाचा स्रोत साधारण होता, हे खरे. अधिक चांगल्या स्रोतावर चित्र कदाचित वेगळे दिसेल.

सुट्या जोडीलाही खोड आहे. वारंवारता फार जवळ आल्या तर दोघे एकमेकांच्या तालात अडकतात आणि छोटा संकेत गिळला जातो, म्हणून आराखड्यातच त्यांच्यात पुरेसे अंतर ठेवावे लागते. पण ते एकदाच करायचे काम आहे. शिवाय दोघांना एकाच स्रोतातून दाब दिला, तर त्याचा चढउतारही बऱ्याच अंशी वजा होतो.

मोजायची राशी लहान पल्ल्यातली असेल, दाबाचा स्रोत खरोखर स्थिर असेल आणि तापमानाचा त्रास मोठा असेल, तर जोडलेली रचना जरूर पाहावी. माझ्या बाकावर सध्या सुटी जोडी आहे, आणि ती जुळवायला मी आठवडाभर हात लावलेला नाही.