१९३२ची फोर्ड, मुंबईची हवा आणि टाकीचा कॉम्प्रेसर: वापरानंतरचा अनुभव

उन्हाळ्यात घेतलेला ०.३ मिलिमीटर नॉझलचा एअरब्रश (दाबलेल्या हवेने रंग फवारणारा पेनसारखा ब्रश) आणि त्याच्या जोडीचा ३ लिटर टाकीचा, बिनतेलाचा पिस्टन कॉम्प्रेसर यांनी आता अख्खा पावसाळा आणि त्यापुढची थंडी काढली आहे. तेव्हा त्यांच्याविषयी काही ठामपणे लिहायला हरकत नाही. दोन्ही वस्तू मी एकाच कामासाठी वापरतो: १:२५ प्रमाणातल्या प्लॅस्टिकच्या हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या मोटारींच्या प्रतिकृती, आणि त्यातही मुख्यतः १९३२ची फोर्ड. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. मुंबईत राहणाऱ्याचा हात आखडता असेल, तर त्याने एअरब्रश साधा घ्यावा, पण कॉम्प्रेसर टाकीचाच घ्यावा. मला दुकानात मिळालेला सल्ला नेमका उलटा होता.

एअरब्रशची गरजच काय, असे विचारणाऱ्यांसाठी थोडा हिशेब मांडतो. खऱ्या मोटारीवरच्या रंगाचा थर साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. प्रतिकृतीवर प्रायमर, रंग आणि वरचे लॅकर मिळून तेवढाच थर बसला, तर तो प्रमाणाच्या हिशेबाने खऱ्या मोटारीवरच्या अडीच मिलिमीटर जाडीच्या लेपाएवढा होतो. दाराभोवतीची ५ मिलिमीटरची फट १:२५ मध्ये ०.२ मिलिमीटर उरते आणि स्प्रे कॅनचे दोन सढळ हात तिला बुजवायला पुरेसे असतात. मग मोटार कितीही चकचकीत दिसली, तरी तिची दारे उघडत असतील असे वाटत नाही. एअरब्रशने १५ ते २० पीएसआय दाबावर अगदी पातळ हात देता येतात, आणि या ब्रशने ते काम पहिल्या दिवसापासून चोख केले आहे. धातूच्या चुऱ्याच्या रंगांनाही हाच न्याय लागू होतो. ५० मायक्रॉनचा कण या प्रमाणात सव्वा मिलिमीटरचा दिसतो, म्हणून मोटारीच्या टच-अपसाठी मिळणारे मेटॅलिक रंग मी बाजूला ठेवले आणि बारीक दळलेल्या चंदेरी थरावर पारदर्शक लाल रंगाचे हात देऊन ‘कँडी’ रंग साधतो. खऱ्या गाड्यांवरही तो असाच चढवतात.

टप कापण्याच्या, म्हणजे खांब कापून गाडीचे छत खाली आणण्याच्या कामात तर प्रायमरचा पातळ हात म्हणजे परीक्षकच. खऱ्या गाडीचे टप ३ इंचांनी खाली आणायचे असेल, तर प्रतिकृतीत ते जवळजवळ बरोबर ३ मिलिमीटर भरते. पण पुढचे खांब किंचित मागे कललेले असल्यामुळे कापलेले वरचे आणि खालचे तुकडे समोरासमोर येत नाहीत. तिथे पट्टी घालून, पुट्टी भरून, ४०० पासून १००० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर फिरवावा लागतो. ब्रशने दिलेला करडा प्रायमर अशा जागी एकही ओरखडा लपवत नाही. जाड थराखाली हेच ओरखडे काही काळ झाकले जातात आणि रंग वाळून आक्रसला की पुन्हा डोके वर काढतात.

आता हवेकडे वळतो, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. हवा दाबली की तापते, आणि ती तापलेली हवा पुढे नळीत निवली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. बिनटाकीच्या छोट्या कॉम्प्रेसरमधून गरम हवा थेट नळीत जाते. वॉटर ट्रॅप, म्हणजे हवेतले पाणी अडवणारी कुपी, यंत्रालाच चिकटवलेला असेल तर बाष्प त्याला चकवून पुढे सरकते आणि नेमके ब्रशच्या तोंडाशी थेंब होऊन रंगात पडते. टाकी असली की हवा तिच्यात थांबते, निवते आणि पाणी तळाला बसते. जुलैमध्ये टाकीखालचा नळ उघडला की गंजाच्या रंगाचे पाणी फुसफुसत बाहेर येते, तेव्हा हे सगळे बॉनेटवर उतरले असते याची कल्पना येते. मी नळीच्या ब्रशकडच्या टोकालाही एक छोटा ट्रॅप बसवला आहे. त्यासाठी लागणारे पितळी जोड मुंबईतल्या नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात सहज मिळाले.

टाकी हवेतले पाणी अडवते, खोलीतला दमटपणा नाही. लॅकरमधला द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार करतो, भोवतालचे बाष्प ओल्या रंगावर बसते आणि काळ्या मडगार्डवर दुधाळ साय धरते. त्यावर दोन उपाय चालले. एक म्हणजे सावकाश उडणारा लेव्हलिंग थिनर, आणि दुसरा म्हणजे खोलीतला एसी ड्राय मोडवर तासभर चालवून, आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आली की तो बंद करून, एक्झॉस्ट पंखा लावून, पटकन काम उरकणे. श्रावणात चकचकीत लॅकरचा हात मात्र मी देतच नाही. तेव्हा इंजिन आणि चेसिस करावे.

इंजिनही काही कमी वेळ खात नाही. स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन देणारी म्हणून १९३२ची फोर्ड गाजली. २२१ घनइंच आणि ६५ अश्वशक्ती हे तिचे मूळ आकडे. पुढे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी तेच इंजिन सुधारून तिला कोरड्या तळ्यांच्या पात्रात पळवले. बॉनेट काढलेल्या गाडीत ते सगळ्यांत आधी नजरेत भरते. ब्लॉकला, अॅल्युमिनियमच्या हेडला आणि एक्झॉस्टला चंदेरी रंगाच्या वेगवेगळ्या छटा द्यायला हा ब्रश उत्तम आहे. प्लगच्या वायरी मात्र रंगाने होत नाहीत. ७ मिलिमीटरची खरी वायर प्रतिकृतीत ०.२८ मिलिमीटर होते, आणि तेवढी बारीक इनॅमलची तांब्याची तार लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात वजनावर मिळते. आठ वायरी डिस्ट्रिब्युटरपासून आठ प्लगांपर्यंत नेताना चिमटा आणि सबुरी दोन्ही लागतात.

तक्रारी आहेतच. ब्रशच्या आतली रबरी रिंग लॅकर थिनरने फुगली आणि ट्रिगर जड झाला. टेफ्लॉनची रिंग बदलल्यावर तो पूर्ववत झाला, पण ती मुळातच द्यायला हवी होती. नॉझल इतके नाजूक आहे की ते सिंकवर धुताना जाळी झाकूनच धुवावे. विक्रेत्याने वॉरंटीचे कार्ड शिक्क्याविनाच पाठवले आणि नंतर फोन घेतला नाही. कॉम्प्रेसरचा आवाज खोलीत फ्रिजइतकाच वाटतो, मात्र थरथर लादीतून खाली जाते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारणा केल्यावर पायांखाली जाड रबर घातले, आणि टाकीतला दाब ३ बारला उतरला की चालू होऊन ४ बारला आपोआप बंद होत असल्यामुळे तो सारखा धडधडतही नाही. वासाचा प्रश्न अधिक गंभीर आहे; धुळीसाठीचा साधा मास्क द्रावकाच्या वाफेला अडवत नाही, त्यासाठी कार्बनच्या काडतुसाचाच मास्क हवा, आणि घरात लहान मूल असेल तर लॅकरऐवजी ॲक्रिलिक रंग वापरावेत.

वर्षाला एखादीच गाडी करणाऱ्याने हा खर्च करू नये. डिसेंबर ते फेब्रुवारीत स्प्रे कॅन गच्चीवर नेऊन, पातळ हातांनी त्याचे काम भागेल.