जुन्या जीप चेरोकीचा एडब्ल्यू४ ऑटोमॅटिक : छोट्या ट्रेलरच्या कसोटीवर

जीप चेरोकीच्या ‘एक्सजे’ पिढीत चार लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाबरोबर येणारा एडब्ल्यू४ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स छोटा ट्रेलर ओढण्यासाठी आजही पूर्ण भरवशाचा आहे, असे माझे वापरांती झालेले मत आहे. मात्र हे मत गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर बसवलेल्या, तेलाचे तापमान डोळ्यांसमोर दिसणाऱ्या आणि चालकाने गिअरचा लिव्हर विचारपूर्वक वापरलेल्या गाडीबद्दल आहे. जुन्या ऑटोमॅटिकला ट्रेलर जोडायचा म्हटले की सगळी चर्चा वजनाभोवती फिरते. प्रत्यक्षात बेताच्या वजनाने हा गिअरबॉक्स थकत नाही, त्याला मारते ती उष्णता, आणि ती उष्णता कधी, कुठे व का तयार होते हे समजून घेतले तर ती बऱ्याच अंशी आपल्या हातात राहते.

जपानच्या आयसिन-वॉर्नर कंपनीने बनवलेला हा गिअरबॉक्स १९८७ पासून २००१ पर्यंत या गाडीत बसवला जात होता, आणि टोयोटाच्या अनेक गाड्यांमध्ये वापरल्या गेलेल्या ए३४० कुळातलाच तो आहे. पहिला गिअर २.८०, दुसरा १.५३, तिसरा थेट १.००, आणि चौथा म्हणजे ओव्हरड्राइव्ह ०.७५, असे त्याचे गुणोत्तर (बाहेर पडणाऱ्या दांड्याच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाचे फेरे) आहे. ३.५५च्या डिफरन्शियलवर (चाकांच्या ॲक्सलवरील शेवटच्या गिअरजोडीवर) आणि मूळ मापाच्या टायरवर ताशी ९० किलोमीटरच्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे १,८०० फेरे घेते, तर तिसऱ्यात सुमारे २,४००. रिकाम्या गाडीला चौथा गिअर सुखाचा असतो. मागे ट्रेलर असताना मात्र १,८०० फेऱ्यांवर इंजिनाला उंच गिअरचा भार पेलताना वारंवार जास्त थ्रॉटल द्यावा, म्हणजे ॲक्सिलरेटर अधिक दाबावा लागतो, आणि गिअरबॉक्सच्या त्रासाची सुरुवात इथूनच होते.

इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे जाते, आणि इंजिनाकडची बाजू गिअरकडच्या बाजूपेक्षा थोडी जास्त वेगाने फिरते. या घसरणीत वाया जाणारी शक्ती थेट तेलाच्या उष्णतेत बदलते. चढावर इंजिन ४० किलोवॉट शक्ती देत असेल आणि कन्व्हर्टर १० टक्के घसरत असेल, तर ४ किलोवॉट उष्णता तेलात जाते, म्हणजे घरातले दोन गीझर त्या थोड्याशा तेलात सतत चालू ठेवल्यासारखे. ही घसरण थांबवण्यासाठी कन्व्हर्टरच्या आत लॉकअप क्लच असतो. तो बसला की दोन्ही बाजू एकजीव फिरतात आणि ही उष्णता जवळपास बंद होते. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये वेग पुरेसा असेल व थ्रॉटल मर्यादेत असेल, तर एडब्ल्यू४ लॉकअप बसवतो, पण चालकाने पाय थोडा अधिक दाबला की तोच सोडूनही देतो.

नेमकी ही गोष्ट ट्रेलर ओढताना पाहण्यासारखी आहे. लिव्हर ‘डी’मध्ये, म्हणजे चारही गिअर वापरणाऱ्या नेहमीच्या स्थितीत ठेवून लांब, मंद चढाला लागले, की इंजिनाच्या फेऱ्यांची सुई आधी स्थिर असते. मग थ्रॉटल थोडा वाढवताच गिअर न बदलता ती अचानक दोनतीनशेने वर उडी घेते. ही उडी गिअर बदलल्याची नसते, लॉकअप सुटल्याची असते. थोड्या वेळाने चढ किंचित सैल झाला की सुई तेवढीच खाली येते, पुन्हा वर जाते, मध्येच गाडी तिसऱ्यात येते, वेग मिळाला की चौथ्यात परतते. गाडीत बसलेल्यांना यातले फारसे काही जाणवत नाही, कारण हा गिअरबॉक्स अतिशय मऊ चालतो, आणि म्हणूनच अनेकजण मैलोन्‌मैल त्याच स्थितीत गाडी चालवत राहतात. तापमानाचा गेज बसवलेला असेल तर मात्र काही मिनिटांतच त्याची सुई या उड्यांच्या मागोमाग चढताना दिसते. त्याच चढावर लिव्हर ‘३’वर आणला, की चौथा गिअर बाद होतो, इंजिन २,४००च्या आसपास मोकळेपणाने ओढू लागते, लॉकअप तिसऱ्यातच बसून राहतो, आणि तापमान आधी थांबते व मग हळूहळू उतरू लागते. इंजिनाचा आवाज वाढतो म्हणून लोक हे टाळतात; पण या इंजिनाला त्या फेऱ्यांचा काहीही त्रास नाही, उलट त्या फेऱ्यांवर पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही जोमाने चालतात. लॉकअप बसला आहे की नाही अशी शंका आली, तर सपाट रस्त्यावर स्थिर वेगात असताना ब्रेकच्या पेडलला, ब्रेक लागणार नाही इतपत, पायाने नुसता स्पर्श करावा. ब्रेकच्या स्विचमुळे लॉकअप सुटतो आणि सुई वर गेलेली दिसते. सुई हललीच नाही, तर तो मुळात बसलेलाच नव्हता.

चालकाच्या मर्जीने लॉकअप धरून ठेवणारा वेगळा स्विच काहीजण बसवून घेतात. मला तो पटत नाही. मोठ्या थ्रॉटलवर लॉकअप सोडण्याची व्यवस्था त्या छोट्या क्लचच्या रक्षणासाठी केलेली आहे, आणि कन्व्हर्टर बदलण्यासाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. खालचा गिअर वापरून थ्रॉटलच कमी लागेल असे पाहणे हा अधिक शहाणा मार्ग आहे.

‘छोटा ट्रेलर’ म्हणजे हलके काम, या समजुतीचाही इथे विचार करायला हवा. पूर्ण टोइंग पॅकेज असलेल्या एक्सजेला कंपनीने दिलेली मर्यादा ५,००० पौंडांची, म्हणजे सुमारे २,२७० किलोंची होती, त्यामुळे ७०० किलोंचा ट्रेलर कागदावर किरकोळ वाटतो. सपाट, उघड्या ट्रेलरच्या बाबतीत तो खरोखरच किरकोळ आहे. परंतु तेवढ्याच वजनाचा बंद, उंच, चौकोनी ट्रेलर गाडीच्या छताच्या वर डोके काढून वारा अडवतो, आणि वाऱ्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेल्यास ती जवळपास दुप्पट होते. त्यामुळे सपाट महामार्गावरही असा ट्रेलर गाडीला कायम चढावर असल्यासारखे राबवतो, आणि समोरून वारा असेल तर लॉकअप टिकतच नाही. माझ्या वापरात उंच ट्रेलरसह वेग ८०च्या आसपास ठेवल्याने गिअरबॉक्सच्या तापमानावर जेवढा चांगला परिणाम झाला, तेवढा ट्रेलरमधले सामान कमी करून झाला नाही.

आता कूलरविषयी. मूळ रचनेत गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून फिरून परत येते. ही रचना वाईट नाही. थंडीत ती तेल लवकर गरम करते. पण तिच्याभोवतीचे पाणीच ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यामुळे तेल त्याखाली जाऊ शकत नाही, आणि इंजिन तापले की तेलाची सुटका उरत नाही. ऑटोमॅटिकचे तेल साधारण ८० ते ९५ अंशांत सुखात राहते. त्यापुढे दर दहाएक अंशांना तेलाचे आयुष्य निम्म्याने घटते असा जुना ठोकताळा आहे, आणि १२० अंशांच्या वर ते झपाट्याने काळवंडते, त्याचा चिकट थर, म्हणजे वार्निश, तेलाचे मार्ग नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत साचतो, रबरी सील कडक होऊ लागतात. सील कडक झाले की दाब गळतो, दाब गळला की गिअर धरून ठेवणारे आतले क्लच घसरतात, आणि घसरणारे क्लच आणखी उष्णता निर्माण करतात.

मी वापरत असलेला कूलर एकावर एक रचलेल्या पट्ट्यांचा, म्हणजे स्टॅक्ड प्लेट प्रकारचा आहे, आणि तो रेडिएटर व एसीच्या कंडेन्सरच्या पुढे, मध्ये थोडी फट ठेवून बसवलेला आहे. नळी व पंखांच्या साध्या प्रकारापेक्षा हा प्रकार तेवढ्याच आकारात अधिक उष्णता बाहेर टाकतो आणि तेलाच्या प्रवाहाला कमी अडवतो. दोन्हींपैकी निवड करायची असल्यास मी निःसंकोच हाच सुचवीन. जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे : गिअरबॉक्समधून निघालेले गरम तेल आधी रेडिएटरच्या टाकीत, तिथून नव्या कूलरमध्ये आणि मग परत गिअरबॉक्समध्ये. अशाने रेडिएटर उष्णतेचा पहिला मोठा वाटा घेतो आणि उरलेले काम हवा करते. रेडिएटरमधला कूलर पूर्णपणे वगळावा, असा सल्लाही नेहमी दिला जातो, कारण तो आतून फुटल्यास पाणी तेलात मिसळते आणि क्लचवरचे अस्तर सुटून येते. ही भीती निराधार नाही. तरीही कडक थंडीच्या प्रदेशात मी तो वगळणार नाही. जुना रेडिएटर वेळेवर बदलणे मला अधिक योग्य वाटते. जिथे थंडी जेमतेम असते, तिथे वगळण्याने फारसे बिघडत नाही.

गेजचा सेन्सर कुठे बसवला आहे, यावर त्याच्या आकड्याचा अर्थ ठरतो. कूलरकडे जाणाऱ्या नळीवर तो असेल, तर कन्व्हर्टरमधून नुकतेच निघालेले, सर्वांत गरम तेल तो दाखवतो आणि लॉकअप सुटताच उसळी घेतो. खालच्या पॅनमध्ये असेल, तर परतलेल्या तेलाचा शांत, सरासरी आकडा मिळतो. क्लच ज्या तेलावर जगतात ते पॅनमधले, म्हणून इशारा देणारी मर्यादा पॅनच्या आकड्यावर ठरवावी. चालवण्याची पद्धत सुधारण्यासाठी मात्र नळीवरचा सेन्सर अधिक बोलका आहे, आणि मी तोच ठेवला आहे.

सर्वाधिक तापमान मला महामार्गावर दिसले नाही. ट्रेलर चढाच्या दिशेने रिव्हर्स घेत जागेवर लावताना ते दिसते, आणि याबाबतीत पुरेसे बोलले जात नाही. गाडी जेमतेम सरकत असते, कन्व्हर्टर जवळपास पूर्ण घसरणीत असतो, इंजिनाची बहुतेक सगळी शक्ती तेलात मुरते, आणि गाडीला वेग नसल्याने कूलरवरून वाराही जात नाही. एक्सजेच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत यावर उत्तम उपाय हाताशीच आहे. ट्रान्सफर केसची, म्हणजे शक्ती पुढच्या व मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीची, लो रेंज २.७२ पटीने गती कमी करते. तीत रिव्हर्स घेतल्यास गाडी थोड्याशा थ्रॉटलवर सहज ट्रेलर ढकलते आणि गेजची सुई जागची हलत नाही. अट एवढीच, की जमीन मातीची, खडीची किंवा गवताची असावी, कारण कोरड्या डांबरावर वळण घेताना लो रेंजमध्ये पुढची व मागची चाके एकमेकांशी झुंजतात आणि ट्रान्समिशनवर ताण येतो. टू-व्हील ड्राइव्ह गाडी असेल तर एका दमात हट्टाने न रेटता, मध्ये थांबून न्यूट्रलमध्ये इंजिन किंचित वाढवून तेल फिरू द्यावे.

जुनी गाडी घेणाऱ्याने थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल तपासल्याशिवाय ट्रेलर जोडू नये. गिअर कधी बदलायचा हे या गिअरबॉक्समध्ये इलेक्ट्रॉनिक्स ठरवते, पण क्लच किती दाबाने धरायचे हे ही साधी तारच सांगते. ती सैल असेल तर गिअर फार मऊ, लोण्यासारखे बदलतात आणि चालक खूश होतो, प्रत्यक्षात भाराखाली क्लच घसरत असतात. तेलाबाबत फार लिहिण्यासारखे नाही : डेक्सरॉन-३ दर्जाचे तेल वापरावे, क्रायस्लरचे एटीएफ+४ या गिअरबॉक्ससाठी नाही, आणि खालचा बोल्ट काढून निघते ते तेल एकूण तेलाच्या निम्म्याहूनही कमी असते, कारण उरलेले कन्व्हर्टरमध्येच राहते. म्हणून जुने तेल काळपट असेल तर बदलणे काही टप्प्यांत करावे.

उणिवा खऱ्या आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधली दरी मोठी आहे, त्यामुळे तीव्र चढावर गाडी पहिल्यात ओरडते आणि दुसऱ्यात दम धरत नाही. आजच्या गिअरबॉक्सला असतो तसा टो मोड (ट्रेलर ओढण्यासाठी गिअर बदलण्याची खास पद्धत) नाही, चढ ओळखण्याची सोय नाही. १९९०पर्यंतच्या गाड्यांत ‘पॉवर’चे बटण होते, ते दाबल्यावर गिअर उशिरा बदलतात आणि ट्रेलर असताना ते खरोखर उपयोगी पडते. ट्रेलरचे ब्रेक, हिचची (ट्रेलर जोडण्याच्या सांध्याची) क्षमता, त्याच्या बॉलवर येणारे ट्रेलरचे १० ते १५ टक्के वजन या बाबी गिअरबॉक्सच्या कक्षेबाहेरच्या असल्या, तरी एक्सजेला वेगळी चासी नसल्यामुळे हिच नुसत्या पत्र्याला न कसता मागच्या रेलवर नीट पसरून बसवलेली असावी, एवढे पाहून घ्यावेच.

याच्या साधेपणाचा एक गुण मात्र मला फार मोलाचा वाटतो. आत फक्त तीन सोलेनॉइड (विजेवर चालणारे तेलाचे व्हॉल्व्ह) आहेत, दोन गिअरसाठी आणि एक लॉकअपसाठी. नियंत्रक बंद पडला किंवा वायर तुटली, तरी लिव्हर ‘१-२’मध्ये असता पहिला, ‘३’मध्ये तिसरा आणि ‘डी’मध्ये चौथा गिअर हाताने मिळतो, आणि गाडी ट्रेलरसह घरी आणता येते. त्या अवस्थेत लॉकअप मिळत नाही, म्हणून ‘३’मध्येच, कमी वेगात आणि गेजवर नजर ठेवून यावे, आणि सुई ११०च्या पुढे सरकू लागली की सपाट जागा पाहून थांबावे.