सहावीचा प्रवेश: नवोदय, सैनिक स्कूल, केंद्रीय विद्यालय की जवळचं हायस्कूल?

तालुक्याच्या गावी क्लासच्या बोर्डावर ‘नवोदय, सैनिक, स्कॉलरशिप’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं. ते वाचून समज असा होतो की पोरगं हुशार आहे, वर्षभर अभ्यास करून घेतला की यातल्या कुठं तरी लागेलच. गुण तर लागतातच. पण गुणांच्या आधी प्रत्येक शाळा दुसरेच प्रश्न विचारते. मूल आतापर्यंत कुठं शिकलं? आई-वडील नोकरी कुठं करतात? डोमिसाइल कुठलं? प्रवर्ग कोणता? या प्रश्नांची उत्तरं पाचवीत कितीही क्लास लावला तरी बदलत नाहीत. म्हणून चांगली शाळा कोणती हा वाद घालण्याआधी आपलं मूल कुणाच्या रांगेत पुढं उभं आहे ते पाहावं. सहावीला मुलाला कुठं घालायचं याचा विचार करणाऱ्यांसाठी चार रांगा इथं शेजारी शेजारी मांडल्या आहेत.

नवोदय: तिसरी, चौथी, पाचवी कुठं केली?

जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. तिथं सहावीला साधारण ८० जागा असतात. त्यातल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ६०, ग्रामीण भागातल्या मुलांच्या. उरलेल्या २० शहरातल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या आहेत असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. त्या सगळ्यांना खुल्या आहेत आणि गुणवत्तेवर भरतात, म्हणजे तिथंही गावाकडची मुलं शर्यतीत असतात. शहरातल्या मुलाला फार तर या २० जागांत आशा.

‘ग्रामीण’ कोण, हे घर कुठं आहे यावर ठरत नाही, शाळा कुठं आहे यावर ठरतं. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली हवीत. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत नाव असलं, तरी मूल शहरी धरलं जातं. नियमात ‘एक दिवस’ असंच लिहिलेलं आहे.

आता नेहमी घडणारी गोष्ट घ्या. मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी पास झाली. चौथीला ‘जरा चांगली शाळा’ म्हणून तालुक्याच्या ठिकाणी, नगरपरिषद हद्दीतल्या शाळेत घातली. राहते गावातच, रोज एसटीनं जाते-येते. घरच्यांच्या दृष्टीनं ती गावचीच. नवोदयच्या अर्जात मात्र ती शहरी झाली आणि ६० जागांची रांग सोडून २० जागांच्या रांगेत गेली. नवोदय डोक्यात असेल तर खरा निर्णय तिसरीत होतो, आणि तेव्हा तो कुणाच्या लक्षातही नसतो. शाळा बदलण्याआधी ती ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते की नगरपंचायत-नगरपरिषदेच्या, एवढं विचारून घ्या. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेली गावं महाराष्ट्रात बरीच आहेत.

बाकीचे नियम थोडक्यात. मूल ज्या जिल्ह्याचं रहिवासी आहे त्याच जिल्ह्यात पाचवीला हवं, आणि अर्जही त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी. एक तृतीयांश जागा मुलींच्या. अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, पण १५ आणि ७.५ टक्क्यांपेक्षा कमी नाही. ओबीसींना २७ टक्के, तेही केंद्राच्या यादीप्रमाणे. हा केंद्राचा मुद्दा आपल्याकडे फार जणांना नडतो. विजे-भज (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) हे राज्याचे प्रवर्ग इथं चालत नाहीत. जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी, नसेल तर खुला. दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो.

सहावीसाठी संधी एकदाच मिळते. पुन्हा पाचवीला बसवून दुसऱ्यांदा परीक्षा देता येत नाही. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. त्यात बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २०. मराठीतून देता येतो.

राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश मोफत. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी. मुली, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं यांना तोही माफ. सरकारी नोकरदारांच्या मुलांना तो जास्त पडतो. आणि जी गोष्ट क्लासवाले सांगत नाहीत ती ही: नववीत जवळपास ३० टक्के मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातल्या नवोदयला पाठवतात, आपल्याकडची मुलं बहुधा हिंदी पट्ट्यात जातात. काही मुलं त्यात खुलतात, काहींचं ते वर्ष जड जातं. लेकरू दहा-अकराव्या वर्षी वसतिगृहात राहील का, हा प्रश्न विचारताना हेही धरून विचारा.

सैनिक स्कूल: डोमिसाइल आणि खिसा

साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ साली सुरू झालं. देशातलं पहिलं. चंद्रपूरचं अलीकडचं. इथं ग्रामीण-शहरी भेद नाही, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या मुलाला नवोदयपेक्षा ही वाट मोकळी. इथली रांग लागते ती राज्यावरून. ६७ टक्के जागा शाळा ज्या राज्यात आहे तिथल्या मुलांना, ३३ टक्के बाहेरच्यांना. दोन्ही यादींत अनुसूचित जाती १५, जमाती ७.५, ओबीसी नॉन-क्रिमिलेयर २७ टक्के. मग जे उरतं त्यातल्या २५ टक्के जागा फौजेत असलेल्यांच्या आणि माजी सैनिकांच्या मुलांना.

कागदावर मांडून बघू. समजा १०० जागा आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला ६७. त्यातल्या सुमारे ३३ राखीव प्रवर्गांना. उरल्या ३४, त्यातल्या आठ-नऊ सैनिकांच्या मुलांना. म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या, घरात कुणी फौजेत नसलेल्या मराठी मुलासाठी शंभरातल्या पंचवीसच्या आसपास. मुलींसाठी किमान १० टक्के जागा असतात.

वय ३१ मार्चला १० ते १२ वर्षं हवं. नवोदयसारखी ‘एकच संधी’ची अट नाही, वयात बसलं तर पुढच्या वर्षीही बसता येतं. परीक्षा वेगळीच: अडीच तास, १२५ प्रश्न, ३०० गुण, त्यातले निम्मे गुण नुसत्या गणिताला, शिवाय सामान्य ज्ञान. नवोदयची तयारी करून इथं बसलेलं मूल सामान्य ज्ञानात अडतं, म्हणून ‘एकाच अभ्यासात दोन्ही’ हे क्लासचं वाक्य अर्धंच खरं. सहावीचा पेपर मराठीतून मिळतो. नववीच्या प्रवेशाचा मात्र इंग्रजीतच असतो. लेखीनंतर वैद्यकीय तपासणी, आणि तिथं डोळ्यांवरून बाहेर पडणारी मुलं असतात.

फी हा मोठा फरक. वर्षाचा खर्च लाखाच्या पुढं जातो. उत्पन्न कमी असेल तर राज्य सरकारची शिष्यवृत्ती आहे, पण मधल्या उत्पन्नाच्या घराला हा बोजा जाणवतोच. अलीकडे खासगी संस्थांबरोबर भागीदारीत नवी सैनिक स्कूलं निघाली आहेत. त्यांच्या काही जागा आधीपासून त्याच शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी असतात. नाव तेच असलं तरी नियम त्या त्या शाळेचे वेगळे वाचावेत.

केंद्रीय विद्यालय: नोकरी कुणाची?

इथं फार लिहिण्यासारखं नाही. पहिला मान केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना, मग केंद्राच्या स्वायत्त संस्था आणि उपक्रम, मग राज्य सरकारचे कर्मचारी, मग राज्याच्या संस्था, आणि सगळ्यात शेवटी बाकी सगळे. एकाच गटात गेल्या सात वर्षांत ज्याच्या बदल्या जास्त तो पुढं. सहावीला मुळात जागा रिकामी झाली तरच प्रवेश; परीक्षा नाही, अर्ज जास्त आले तर सोडत. शेतकरी, दुकानदार, खासगी नोकरीवाले पाचव्या गटात येतात आणि मोठ्या शहरात त्यांच्यापर्यंत क्रम क्वचितच पोचतो. खासदारांच्या शिफारशीचा कोटा २०२२ मध्ये बंद झाला, तेव्हा ‘साहेबांची चिठ्ठी’ आणून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. एकुलत्या एक मुलीसाठी वेगळी तरतूद आहे, ती मात्र शाळेत जाऊन जरूर विचारा.

जवळचं हायस्कूल: इथं कायदा तुमच्या बाजूनं

या पर्यायाकडे ‘कुठं नाही लागलं तर आहेच’ म्हणून बघितलं जातं. ते मला पटत नाही. इथं एकच रांग अशी आहे जिच्यात पालकाचा हक्क पहिला आहे.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत शाळेला प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेता येत नाही, पालकांची मुलाखत घेता येत नाही, देणगी मागता येत नाही. मुलाखत-परीक्षा घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. देणगी घेतली तर तिच्या दहा पटीपर्यंत. जुन्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही.

प्रत्यक्षात चुरस प्रवेशाची नसते, तुकडीची असते. सेमी इंग्रजीची तुकडी एक किंवा दोन, आणि तिच्यासाठी झुंबड. तिथं शाळा मागचे गुण बघतात, कधी ‘छोटीशी चाचणी’ घेतात. मुख्याध्यापकांना सरळ विचारा: सेमीची तुकडी कशी लावता, आणि सहावीला नव्यानं येणाऱ्यांना तीत जागा असते का? ज्या हायस्कूलमध्ये पाचवीपासून वर्ग आहेत तिथं तुकड्या पाचवीतच भरतात. म्हणून नवोदयची वाट बघत बसण्यापेक्षा पाचवीलाच हायस्कूल धरणं शहाणपणाचं वाटतं. फक्त वर सांगितलेली ग्रामीण-शहरी भानगड तपासून. शाळा दहावीपर्यंत आहे ना, हेही बघा. कायद्याचं संरक्षण आठवीला संपतं. सातवी-आठवीपर्यंतच्या शाळेतलं मूल नववीला दुसरीकडे न्यायचं तर तुम्ही शाळेच्या मर्जीवर. याच कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत गेलेल्या मुलांचंही तेच: मोफत आठवीपर्यंत, नववीला पूर्ण फी.

अनुदानित किंवा सरकारी शाळेचा एक फायदा कुणी फारसा मोजत नाही. आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा देता येते. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवडलं गेलं तर नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार रुपये. नवोदय आणि केंद्रीय विद्यालयातली मुलं या परीक्षेला पात्र नसतात.

मग कुणी काय करावं?

मूल तिसरीपासून गावच्या शाळेत असेल, तर नवोदय आधी. तिथं त्याची बाजू जितकी भक्कम तितकी दुसरीकडे कुठंच नाही. मूल शहरातलं, मुलगा धडधाकट, गणित चांगलं आणि घरची ऐपत किंवा फौजेची पार्श्वभूमी असेल, तर सैनिक स्कूलवर जोर द्या, नवोदयचा अर्ज भरा पण त्यावर भिस्त ठेवू नका. घरात केंद्राची बदलीची नोकरी असेल तर केंद्रीय विद्यालयासारखं सोयीचं काही नाही. यातलं काहीच नसेल तर क्लासवर पन्नास हजार घालण्याआधी जवळच्या चांगल्या अनुदानित हायस्कूलची सेमी तुकडी मिळवा.

नवोदयचे अर्ज बहुधा पाचवी सुरू होताच पावसाळ्यात निघतात, सैनिकचे दिवाळीच्या आगेमागे. जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढायला तहसीलला वेळ जातो, तो चौथीच्या उन्हाळ्यातच टाकून ठेवा. आणि निवड यादीत नाव आलं की लगेच हायस्कूलमधून दाखला काढायला धावू नका. ती निवड तात्पुरती असते. कागदपत्रांची पडताळणी आणि सैनिक स्कूलच्या बाबतीत वैद्यकीय तपासणी पार पडेपर्यंत मुलाचं नाव हायस्कूलच्या हजेरीपटावर राहू द्या.