वाशीतली एआय कार्यशाळा: भरती बघणाऱ्यांनी जरूर करावी

महापेच्या एका कंपनीत मी नोकरभरती बघते. गेल्या शनिवारी वाशी स्टेशनजवळ एआयची एक दिवसाची कार्यशाळा केली. मॅडमनी सुरुवातच अ‍ॅमेझॉनपासून केली. अ‍ॅमेझॉनच्या भरतीच्या एआय प्रणालीला १० वर्षांचे जुने अर्ज शिकवले होते, बहुतेक पुरुषांचे. मग ‘विमेन्स’ शब्द दिसला की ती त्या अर्जाला खाली ढकलायची. २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली.

नंतर आम्हाला एकाच बायोडाटाच्या दोन प्रती दिल्या. एकीत बाळंतपणासाठी दोन वर्षांचा खंड, बाकी शब्द न् शब्द तोच. चॅटबॉटने त्या प्रतीला कमी गुण दिले. शेजारच्या ताई कागदाकडे बघतच राहिल्या. त्याही तेवढ्याच खंडानंतर परत कामाला लागल्यात. मला फार लागलं ते.

लोकांची वैयक्तिक माहिती कशी वापरायची ते सांगणाऱ्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याला मात्र जेमतेम वीस मिनिटं दिली, हे कमीच. तरी सोमवारी ऑफिसात गेल्यावर उमेदवारांचे बायोडाटा त्यांना न विचारता चॅटबॉटमध्ये टाकणं मी आधी थांबवलं. पुढची बॅच मराठीतून घ्या, असं फॉर्मवर लिहून आलेय.