सुशीला-भजी: गोलाईच्या बोळात खावं की मेन रोडच्या हॉटेलात?

लेकराला क्लासला टाकायला लातूरला येणारे पाव्हणे दरवर्षी मला विचारतात की सकाळचा नाष्टा कुठं करावा. सुशीला-भजी, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्याचा फोडणीचा सुशीला आणि सोबत भजी, खायची हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतंय, प्रश्न फक्त जागेचा. मी दोन्हीकडं लै वर्षं खाल्लंय, एक गंजगोलाईच्या, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेच्या, मागच्या बोळातलं पत्र्याचं दुकान, ज्याला पाटी पण नाही, आणि दुसरं मेन रोडवरचं मोठं हॉटेल, म्हणून सांगतो.

हॉटेलात बसायला निवांत आहे, गाडी लावायला जागा आहे, सोबत म्हातारं माणूस किंवा लहान लेकरू असलं तर तेच बरं पडतंय. भजी तिथली खरंच चांगली, एखाद्या दिवशी बोळातल्यापेक्षा जास्त कुरकुरीत. तिखट चालत नाही त्याला इडली मिळती.

पण सुशीला म्हणलं की माझं मत बदलतंय. सुशीलाचं सगळं गणित चुरमुरे भिजवण्यात आहे, पाण्यात टाकले की लगेच काढून दोन्ही हातांनी पिळायचे, जास्त राहिले की लगदा आणि कमी भिजले की घशाला टोचतात, मग मिरची-कांदा-शेंगदाण्याच्या फोडणीत परतून वरून डाळ्याचं पीठ, ते उरलेलं पाणी ओढून घेतंय आणि चुरमुरा सुटा राहतोय. हा सुटेपणा माझ्या अंदाजानं पंधरा-वीस मिनिटं टिकतो, त्याच्या पुढं नाही. आता हॉटेलात काय करतात, सकाळी सातलाच मोठं पातेलं भरून करतात आणि गरम राहावा म्हणून वर झाकण. आतली वाफ झाकणाला लागून परत खाली गळती, अन् नऊ वाजता आपल्या प्लेटमध्ये जे येतंय ते चमच्यानं कापावं लागतंय. मी एकदा वेटरला म्हणलं जरा ताजा आण की, तर म्हणला साहेब हे पातेलं संपल्याशिवाय दुसरं लावत नाहीत. त्या पोराची काही चूक नाही, गर्दीच तेवढी असती, पण माझं मन तिथून उडालं ते त्या झाकणामुळं.

बोळातले काका चार-पाच प्लेटचाच घाणा काढतात. तुम्ही गेल्यावर परातीत चुरमुरे ओततात, पाणी शिंपडून मुठीत दाबून बघतात. घाई केली तर "थांबा की जरा, आत्ताच भिजवूलालोय" म्हणतात, आणि खरंच दहा मिनिटं जातात. बसायला एकच बाकडं, तेही बहुतेक वेळा भरलेलं. कुणाला हे जमणार नाही, मान्य आहे. स्वच्छतेचं विचारणारे पण असतात, तर माझा अनुभव असा की २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा प्लेटा धुवायला पाणी नाही म्हणून काकांनी कागदावर द्यायला सुरुवात केली, ते आजपर्यंत कागदावरच देतात, एकाचं उष्टं भांडं दुसऱ्यापुढं येतच नाही. मला तरी तिथं खाऊन कधी त्रास झाला नाही.

सोबत चार-सहा जण असतील, बसून गप्पा मारत खायचं असेल तर हॉटेलात जा, वाईट नाही. एकटे-दुकटे असाल आणि सुशीला काय असतो ते खरंच बघायचं असेल तर, मला वाटतं, बोळच. फक्त गोलाईला सोळा रस्ते मिळतात, चुकीच्या रस्त्यानं शिरलात तर फिरत बसाल, म्हणून देवीच्या मंदिरापाशी उभं राहून कुठल्याही दुकानदाराला पत्र्याचं सुशीलावालं विचारा. साडेदहाच्या आत जा, पोतं संपलं की काका गॅस बंद करतात. आणि दही मागून घ्या, ते आपणहून देत नाहीत.