स्ट्रँग सरांचे तास आणि पॉजचं बटण

बारा वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसायचं ठरवलं, लिनिअर अल्जेब्राचं (रेषीय बीजगणिताचं) पुस्तक उघडलं आणि तिसऱ्या पानावर मिटलं. मग सापडला एमआयटी ओपनकोर्सवेअरवरचा, म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या साइटवरचा, प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांचा याच विषयाचा १८.०६ क्रमांकाचा व्हिडिओ कोर्स. फुकट आहे, लॉगिनसुद्धा मागत नाहीत.

चित्र जुनाट आहे. एक फळा, खडू आणि सर, बस्स. पहिल्याच तासाला दोन समीकरणं येतात: २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३. शाळेत आपण दोन रेषा काढून छेदनबिंदू शोधायचो, क्ष १, य २, विषय संपला. सर तेही करतात, आणि मग तीच समीकरणं उभी वाचतात: क्षचे आकडे एका स्तंभात, यचे दुसऱ्या. (२, −१) हा एक बाण, (−१, २) हा दुसरा. पहिला एकदा घ्या, दुसरा दोनदा, पोचलात (०, ३) ला! वहीत बाण काढून पाहिले आणि खरं सांगते, रागच आला. हे इतकं सरळ होतं तर तेव्हा कुणी का नाही दाखवलं?

इथून मी सुसाट सुटले. दीडपट वेग, रात्रीला दोन-दोन व्याख्यानं, मान डोलतेय, सगळं कळतंय. नवव्या तासाला सरांनी बेसिससाठी (ज्यांच्यापासून बाकी सगळे बाण बनतात अशा स्वतंत्र बाणांच्या संचासाठी) तीन व्हेक्टर, म्हणजे बाण, घेतले: (१, १, २), (२, २, ५), (३, ३, ८). मी निमूट उतरवून घेतले. दहावा तास सुरू होतो तोच या चुकीच्या कबुलीने! उभे मांडले की पहिल्या दोन ओळी अगदी सारख्या, मग हे तिघं स्वतंत्र, म्हणजे एकही बाकीच्या दोघांपासून न बनणारा, असे कसे? माझ्या वहीत ते सुवाच्य अक्षरात, खाली दुहेरी रेघ मारून लिहिलेले होते.

त्या रात्री पहिल्या तासापासून पुन्हा सुरुवात केली. आता सरांनी गणित मांडलं की पॉज. आधी मी सोडवणार, मग ते. पूर्वी, १९७१ पासून, ब्रिटनमध्ये बीबीसी टीव्हीवर ओपन युनिव्हर्सिटी या दूरशिक्षण विद्यापीठाचे तास लागायचे; तिथे सरांना कोण थांबवणार? कोर्सबरोबर गृहपाठाची गणितं आणि जुन्या परीक्षा उत्तरांसकट दिल्यात, आणि माझ्या मते खरा माल तिथेच आहे. थ्रीब्लूवनब्राउन या यूट्यूब चॅनलची याच विषयावरची मालिका डोळ्यांना फार गोड, चित्र डोक्यात पक्कं बसतं; पण हाताला काम देत नाही. ती जेवताना पाहते.

तक्रार एकच, सर कधीकधी मधल्या दोन पायऱ्या तोंडीच उरकतात आणि मी तिथेच अर्धा तास अडकते.

परीक्षा पुढच्या महिन्यात. सध्या एकविसाव्या तासावर, आयगेनव्हॅल्यूंपाशी आहे (मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, काही खास बाणांना त्यांच्याच रेषेत ठेवून किती पट करतो ते आकडे). काल त्या पाऊण-एक तासाच्या व्हिडिओला अडीच तास लागले.