पितळी घड्याळ आणि उलटा प्लग

निक्सी घड्याळाचं वेड मला बरीच वर्षं होतं. काचेच्या नळीत एकामागे एक रचलेले तारेचे आकडे, आत निऑन वायू, आणि जो आकडा दाखवायचा त्याला बिलगलेला केशरी उजेड. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत बरोज कंपनीने या नळ्या बाजारात आणल्या. आज मिळतात त्या बहुतेक सोव्हिएत काळातल्या साठ्यातल्या. स्वतः जोडत बसायला वेळ नव्हता, म्हणून आयएन-१४ या सोव्हिएत बनावटीच्या सहा नळ्यांचं, पितळी पेटीतलं तयार घड्याळ एका माणसाकडून ऑनलाइन मागवलं. साडेअकरा हजार.

फोटोत शेजारी बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर होता. घरी आलं त्याला मागून सरळ दोन पिनांची वायर. फोन केला तर म्हणाला, "सर, अ‍ॅडॉप्टर आतच बसवलाय. टेबलावर पसारा नको." मला ते पटलं. गाढवपणा माझा.

तीन आठवडे काही झालं नाही. दसऱ्याच्या आधी आईने आवराआवर काढली. इस्त्रीसाठी घड्याळाचा प्लग काढला, परत लावला आणि ओलं फडकं घेऊन पितळ पुसायला गेली. ओरडलीच. "अरे, याला करंट आहे!" पायात रबरी सपाता होत्या म्हणून निभावलं. करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, आरसीसीबी, आमच्या जुन्या इमारतीत नाही.

पेटीच्या स्क्रूला टेस्टर लावला, पेटला. प्लग काढून उलटा घातला, विझला. पुन्हा फिरवला, पुन्हा पेटला. टेस्टरमध्येही निऑनच असतो, त्यामुळे आकड्यांचा आणि त्याचा रंग अगदी एक. इतके दिवस ज्या रंगावर भाळलो होतो, तोच.

प्लग काढून पेटी उघडली. आत अ‍ॅडॉप्टर नाही, ट्रान्सफॉर्मर नाही. घरची २३० व्होल्टची लाइन एका डायोडमधून थेट वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे शिखराला जवळपास ३२५ व्होल्ट. नळी पेटायला १७० पुरतात. उरलेला भार छोट्या रेझिस्टरांवर, ते भाजून तपकिरी झालेले. सर्किटचा ग्राउंड, म्हणजे सगळ्या भागांची सामाईक वायर, ही मेन्सचीच, घरच्या लाइनचीच, एक वायर, आणि ती स्क्रूने पितळी पेटीला जोडलेली. दोन पिनांचा प्लग कसाही बसतो. सुलट बसला तर पेटीवर न्यूट्रल, उलट बसला तर फेज, म्हणजे करंटची वायर. तीन आठवडे आम्ही निव्वळ नशिबावर होतो. प्लग काढल्यावर चांगली दहा मिनिटं थांबलो होतो, तरी कपॅसिटरच्या टोकांना स्क्रूड्रायव्हर लागताच ठिणगी उडाली. तो आपोआप रिकामा व्हावा म्हणून समांतर एक रेझिस्टर लावतात. दोन-तीन रुपयांचा. तोही नव्हता.

नळ्या मात्र अस्सल निघाल्या, हे सांगायला हवं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी उत्तर आलं, "सर, प्लग उलटा लावला असेल." म्हणजे गड्याला सगळं माहीत होतं! मग म्हणाला, सील तोडलंत, वॉरंटी गेली. मग नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

नीट बनवलेल्या घड्याळात बाहेर मान्यताप्राप्त अ‍ॅडॉप्टर असतो, पेटीत फक्त बारा व्होल्ट येतात आणि तिथे ते वाढवून १७०-१८० केले जातात. तेही बोटाला सणसणीत लागतात, पण मेन्सशी त्यांचा संबंध नसतो आणि पेटीला करंट येत नाही. तेव्हा विकत घेण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मागा. तिथे अॅडॉप्टरच्या गोल पिनची जागा दिसली पाहिजे. भिंतीतली वायर थेट आत जात असेल आणि पेटी धातूची असून प्लगला तिसरी, अर्थिंगची पिन नसेल, तर घेऊ नका. आधीच घरात असेल तर प्लग दोन्ही बाजूंनी लावून पेटीच्या स्क्रूला टेस्टर लावून बघा, पेटीला हात न लावता.

त्याची जाहिरात काल पाहिली, चालू आहे. फोटोत तोच बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर.